ओल्या पावलाचा ठसा

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातील पुस्तकांची आवराआवर करावी, असा संकल्प मी दरवर्षी सोडतो आणि दरवर्षी पहिल्याच फळीपाशी अडकून बसतो. यंदाही तेच झाले. ज्ञानेश्वरीच्या दोन जाड प्रतींच्या मागे दडून बसलेले एक लहानसे इंग्रजी पुस्तक हाती आले. पाने पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेले, मागील पानावर माझ्याच अक्षरात शब्दांचे अर्थ लिहिलेले. जॉन विंडम या इंग्रज लेखकाची ‘द क्रिसलिड्स’ ही ती कादंबरी. क्रिसलिड म्हणजे सुरवंटाचे फुलपाखरू होण्यापूर्वीचा कोश. १९९५ च्या हिवाळ्यात मी ती महाराज बाड्यावरील एका जुन्या पुस्तकांच्या हातगाडीवरून घेतली होती. मी मराठीचा एम्.ए.; शाळेत शिकवतो हिंदी आणि संस्कृत; इंग्रजी बेताचे. ते सुधारावे एवढाच तेव्हा हेतू होता. जगबुडीनंतरच्या कल्पित जगाची गोष्ट आहे हे ठाऊक असते तर बहुधा मी ते पुस्तक उचललेही नसते. आपण संसारी माणसे. आपल्याला आहे हेच जग पुरून उरते.

पण त्या पुस्तकाने मला जिथे नेऊन सोडले ते ठिकाण भविष्यातले नव्हते. ते लष्करातले, जनकगंजाजवळच्या आमच्या जुन्या वाड्याचे अंगण होते, आणि साल होते १९८२.

आधी कादंबरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. हिरोशिमाला तेव्हा दहा वर्षे झाली होती आणि त्याहून कितीतरी संहारक असा हायड्रोजन बॉम्ब माणसाने करून पाहिला होता. त्या काळी इंग्रजीत जगाच्या अंताच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. विंडमची कथा त्या अंताच्या शेकडो वर्षांनंतर सुरू होते. कॅनडाच्या ईशान्येस लॅब्रॅडॉर नावाचा जो थंड प्रदेश आहे, तिथे वाकनुक या खेड्यात शेतकऱ्यांचा एक कष्टाळू, देवभीरू समाज राहतो आहे. पूर्वीच्या जगाचे काय झाले हे त्यांना नीट ठाऊक नाही. देवाने माणसांवर एक महासंकट धाडले, एवढेच ते जाणतात. ते पुन्हा येऊ नये म्हणून त्यांनी एक नियम हाडीमांसी मुरवला आहे : देवाने जे जसे घडवले तसेच ते राहिले पाहिजे. शेतातील कणीस वेगळे दिसले, तर उभे पीक जाळायचे. वासरू वेगळे जन्मले, तर त्याची कत्तल करायची. आणि मूल? मूल जन्मले की सरकारी निरीक्षक येतो, त्याचे अवयव मोजतो, आणि प्रमाणपत्र देतो; ते मिळेपर्यंत घरात बाळाच्या जन्माचा उच्चारही कोणी करीत नाही. प्रमाणपत्र नाकारले गेलेले मूल माणूसच नव्हे. मोठेपणी जर कोणात वैगुण्य आढळले, तर त्याला वंध्य करून सीमेपलीकडच्या रानात हाकलून द्यायचे.

हे वाचताना मला भय वाटले नाही. खरे सांगायचे तर थोडी करमणूकच झाली. आपल्याकडे सहावे बोट शुभ मानतात. माझ्याच एका आत्याला ते होते, आणि लग्न ठरताना ती लक्ष्मीची खूण म्हणून मिरवली गेली होती. तिकडे त्याच बोटापायी माणसाचे माणूसपण जाते! बोट तेच, निकाल तेवढा निराळा. माणसांनी कशाला शुभ म्हणावे आणि कशाला अभद्र, याला काही ताळतंत्र नसते, एवढे मनाशी म्हणून मी पान उलटले.

कथेचा नायक डेव्हिड हा गावातील सर्वांत कडव्या माणसाचा मुलगा. त्यांच्या घराच्या भिंतींवर वैगुण्याविरुद्ध सावध करणारी वचने लाकडी फळ्यांवर डागून टांगलेली. एका प्रसंगी त्याच्या हाताला जखम होते. पट्टी बांधताना धडपडत तो सहज बोलून जातो, की आणखी एक हात असता तर माझे मलाच जमले असते. बस्स! घरात स्मशानशांतता पसरते. तीन हातांची इच्छा! देवाच्या रूपाची विटंबना! त्या भाबड्या वाक्याबद्दल बाप पोराला गुन्हेगारासारखा फैलावर घेतो. ज्याच्या घरी आजोबांच्या दराऱ्याखाली तोंड उघडण्यापूर्वी शब्द गिळून पाहावा लागत असे, अशा कोणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही.

या डेव्हिडला एक मैत्रीण मिळते. सोफी तिचे नाव. गावापासून दूर, एकाकी घरात आईबापांजवळ राहणारी. दोघे वाळूच्या घसरणीवर खेळत असताना तिचा पाय दगडांच्या फटीत अडकतो. बूट काढल्याशिवाय पाय निघणार नाही, आणि ती तर रडून रडून सांगते, बूट काढू नकोस. वेदना असह्य होते तेव्हा ती कबूल होते. डेव्हिड पाय मोकळा करतो. त्या पायाला सहा बोटे आहेत. सोफीची आई त्याच्याकडून वचन घेते, की हे तू कोणालाही, कधीही सांगणार नाहीस. इथे विंडमने एक फार खरी गोष्ट टिपली आहे. माणूस कोणाला म्हणावे याची व्याख्या डेव्हिडने दर रविवारी ऐकलेली. हातापायांना किती बोटे असावीत हे त्याला तोंडपाठ. तरीही सोफीचा पाय पाहून त्या व्याख्येशी त्याचा संबंध आहे, हे त्याच्या ध्यानीच येत नाही. व्याख्येतला राक्षस वेगळा आणि ही रडणारी मुलगी वेगळी. पाठांतर आणि डोळे यांची अशी फारकत मुलांमध्येच असते. मोठेपणी आपण पाठांतराच्याच डोळ्यांनी पाहू लागतो.

तो वचन पाळतो. पण एके दिवशी दोघे ओढ्यात अनवाणी खेळत असताना गावातला दुसरा एक मुलगा येतो. सोफी खडकावर चढते. तिच्या ओल्या पावलाचा ठसा खडकावर उमटतो, आणि त्या मुलाची नजर खाली जाते. ठसा वाळण्याआधी त्याने बोटे मोजलेली असतात.

तिथे मी पुस्तक मिटले. डिसेंबरची रात्र होती. ग्वाल्हेरची थंडी वाचकांना ठाऊक आहे. तरीही मी उठून ओसरीवर जाऊन बसलो. मी इतका वेळ स्वतःला डेव्हिड समजत होतो. वस्तुतः मी ओढ्याकाठचा तो दुसरा मुलगा होतो.

आमचा वाडा म्हणजे चौदा बिऱ्हाडे, एक चौक, एक नळ आणि एक गणपती. पूर्वजांपैकी कोणी शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेले, कोणी दफ्तरदारीवर. उंबऱ्याबाहेर हिंदी, उंबऱ्याआत मराठी. १९८१ च्या सुमारास चौकातील डाव्या हाताच्या दोन खोल्यांत एक नवे बिऱ्हाड आले. नवरा कुठल्याशा कचेरीत कारकून, बायको अबोल, आणि एकुलता एक मुलगा माझ्या वयाचा. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. लिहिण्याचा अधिकार मी गमावला आहे, असे मला वाटते.

आमची गट्टी जमायला आठवडाही लागला नाही. आम्ही एका बाकावर बसत असू, एकाच सायकलीवर पाळीपाळीने बसत असू. त्याच्यात एकच विचित्र गोष्ट होती : तो नेहमी पूर्ण बाह्यांचा सदरा घाली. ज्यांनी ग्वाल्हेरचा जून सोसला आहे त्यांना याचा अर्थ कळेल. आम्ही उघड्या अंगाने नळाखाली बसत असू आणि हा मनगटापर्यंत बटणे लावून उभा. विचारले की म्हणे, “आई रागावते.” मुलांना एवढे कारण पुरते. आईच्या रागावण्याला कारण असते, असे त्या वयात वाटतच नाही.

१९८२ च्या गणेशोत्सवात महाप्रसादाचा स्वयंपाक चौकात चालला होता. चुलाण्यावर वरणाचे मोठे पातेले उकळत होते. स्वयंपाकीणबाई सांडशी शोधत होत्या, आणि वरण तर उतू चाललेले. माझा मित्र पुढे झाला, डाव्या हाताने झाकण उचलून त्याने बाजूला ठेवले आणि पुन्हा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. घाईत कोणाचे लक्ष गेले नाही. मी मात्र पाहिले. “अरे, भाजलं नाही?” मी विचारले. त्याने बोटे पाहिली. टोकांना पांढरे फोड येऊ लागले होते. तो ते असे पाहत होता, जणू ती बोटे दुसऱ्या कोणाची असावीत.

त्या रात्री गच्चीवर त्याने मला बाही वर करून दाखवली. कोपराच्या खाली रुपयापेक्षा मोठा, फिकट, कोरडा चट्टा होता. त्यावर त्याने पेन्सिलीचे टोक दाबून दाखवले. दुखत नव्हते. बोटांनाही काही कळत नव्हते. हे काय आहे, त्याला ठाऊक नव्हते. आईने कोणाला दाखवायचे नाही म्हणून सांगितले आहे, एवढेच त्याला माहीत. मला त्याने आईची शपथ घातली. मी घेतली. मला त्या शपथेचे ओझे वाटले नाही; उलट आनंदच झाला. ज्याला चटका बसत नाही, असा वीरपुरुष माझा मित्र होता! भक्त प्रल्हादाच्या गोष्टीतले पात्र माझ्या बाकावर बसत होते.

ती शपथ मी आठ दिवस पाळली.

अनंतचतुर्दशीच्या दुपारी विसर्जनाची मिरवणूक निघायला अवकाश होता. चौकात आम्ही पोरे फुशारक्या मारीत बसलो होतो. एकाचा मामा पैलवान, एकाच्या काकांनी वाघ पाहिलेला. माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. आणि मग माझ्या तोंडून गेले : माझ्या मित्राला आग लागत नाही. सगळे हसले. “झूठ बोलता है!” कोणीतरी म्हणाले. कोणी उदबत्त्यांचा पेटता जुडगा आणला. माझा मित्र खांबाशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले.

ते पाहणे मी त्रेचाळीस वर्षे सांभाळून ठेवले आहे. त्यात राग नव्हता. तो नाही म्हणू शकला असता. मी खोटा ठरलो असतो आणि गोष्ट तिथेच मिटली असती. मला खोटे पडू द्यायचे नाही, असे त्याने ठरवले असावे. त्याने हात पुढे केला.

ओसरीवर वाड्यातील एक वडीलधारे गृहस्थ बसले होते. पूर्वी ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ते उठले, शांतपणे चौकात आले, त्यांनी त्याचे मनगट धरले आणि बाही वर केली. क्षणभर पाहिले. मग हात सोडून दिला आणि स्वतःचा हात धोतराला पुसला. “जा, आईला बोलाव,” एवढेच ते म्हणाले.

विंडमच्या कथेत सोफीचे आईबाप त्याच रात्री घोड्यांवर सामान लादून पळतात, आणि डेव्हिडचा बाप त्याला चाबकाने फोडून काढतो. आमच्याकडे असे काही घडले नाही. कोणी आवाजही चढवला नाही. आम्ही सभ्य माणसे होतो. दुसऱ्या दिवसापासून नळावर त्यांच्या घागरीसाठी वेगळी वेळ ठरली. कोणी ठरवली, हे कळले नाही. बायका चौकातून जाताना पदर आवरून घेऊ लागल्या. माझ्या आईने, जी वाटेवरच्या कुत्र्यालाही भाकरीवाचून जाऊ देत नसे, तिने मित्र ज्या फुलपात्राने आमच्याकडे पाणी पीत असे ते विस्तवात घालून काढले. आजी दारातूनच म्हणाली, “रक्तपिती.” तो शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. आजोबा काही बोलले नाहीत. आमच्या आजोबांची एक गोष्ट सांगतो : वरोऱ्याजवळच्या बाबा आमट्यांच्या आनंदवनाला ते दरवर्षी न चुकता मनीऑर्डर करीत. तिची पोचपावती देवघराच्या खणात जपून ठेवीत. त्या वर्षीही मनीऑर्डर गेली. पावतीही आली.

घटस्थापनेच्या आधीच ते बिऱ्हाड उठले. पहाटे टांगा आला. मी गच्चीवरून पाहिले. मला खाली जायची मनाई होती, हे खरे; पण मनाई नसती तर गेलो असतो का, याचे उत्तर मला आजही देता येत नाही. तो टांग्यात मागे बसला होता, आणि त्याच्या सदऱ्याची बटणे मनगटापर्यंत लावलेली होती. ते कुठे गेले, कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे कोणी झाशीचे नाव घेतले. नोकरीच्या निमित्ताने मी झाशीला दोनतीनदा गेलो, आणि प्रत्येक वेळी रस्त्याने जाताना माझ्या वयाच्या माणसांच्या हातांकडे पाहत राहिलो.

आता यातली खरी बोचणारी गोष्ट. हा रोग जंतूंमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ सालीच दाखवले होते; पूर्वजन्मीचे पाप आणि वंशाचा कलंक या कल्पना तेव्हाच मोडीत निघायला हव्या होत्या. तो सहजासहजी लागत नाही. बहुसंख्य माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. हे जंतू मज्जातंतूंना धरतात, म्हणून स्पर्श आणि वेदना जातात. बोटे झडतात ती रोगाने नव्हे, तर न कळणाऱ्या भाजण्या-कापण्याने आणि त्यांतून चिघळणाऱ्या जखमांनी. डॅप्सोन हे औषध १९४० नंतरच्या दशकापासूनच उपलब्ध होते. आणि १९८१ साली, म्हणजे आमच्या त्या गणपतीच्या आदल्याच वर्षी, जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याच्या उपचाराची शिफारस केली होती. पुढल्या वर्षापासून तो आपल्या देशातही टप्प्याटप्प्याने सुरू झाला. माझ्या मित्राला काही महिन्यांच्या गोळ्या हव्या होत्या. आम्ही त्याला टांगा दिला.

वाकनुकमध्ये निरीक्षक आणि कायदा होता. आपल्याकडेही कायदे होतेच. १८९८ सालचा महारोग्यांविषयीचा कायदा, ज्याने भीक मागणाऱ्या रोग्यांना पकडून डांबता येत असे, तो २०१६ साली रद्द झाला. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, म्हणजे या कादंबरीच्याच वयाचा. जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे त्यात घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९ साली वगळले गेले. २००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर या रोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रोगी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि आजही सर्वाधिक नवे रोगी आपल्याच देशात सापडतात. पाटी बदलते, नळ बदलत नाही.

कादंबरीकडे परत येतो, कारण तिचे पुढचे भाग मी त्या रात्रीनंतर आठवडाभराने वाचले आणि त्यांनी मला दुसरी एक गोष्ट शिकवली. डेव्हिडमध्येही वैगुण्य असते, पण ते दिसत नाही. तो आणि आसपासची काही मुले एकमेकांशी न बोलता, मनोमन संवाद करू शकतात. सोफीचे सहावे बोट बुटात लपते आणि बूट काढावा लागला की उघडे पडते. डेव्हिडचे वैगुण्य मात्र चोवीस तास, प्रत्येक शब्दागणिक लपवावे लागते. एखादी बातमी त्याला कळलेली असते, पण ती ज्या वाटेने कळायला हवी त्या वाटेने ती आलेली नसते. म्हणून न कळल्याचे सोंग आणायचे. मला वाटते, लपवणाऱ्या माणसाचा खरा थकवा हा असतो. भीती अधूनमधून येते. सोंग मात्र रोजचे.

या मुलांना एक मोठा माणूस लाभतो : ॲक्सेलकाका. पूर्वी दर्यावर्दी असलेला, पाय अधू झालेला. मुलाचे गुपित त्याला अकस्मात कळते. तो घाबरत नाही, उपदेश करीत नाही. एवढेच सांगतो, की हे यापुढे कोणाला कळता कामा नये. पुढे तो या मुलांच्या रक्षणासाठी एक भयंकर कृत्यही करतो, ते मी इथे सांगत नाही. सबंध कादंबरीत मला ज्याचा हेवा वाटला तो हा एकच माणूस. आणि जिची कथा वाचून झोप आली नाही, ती डेव्हिडची मावशी हॅरिएट. तिचे तिसरे बाळही किंचित वेगळे जन्मते. बहिणीलाही नुकतीच मुलगी झालेली. प्रमाणपत्रापुरते तुझे बाळ दे, एवढी भीक मागायला ती येते. बहीण झिडकारते, मेहुणा प्रायश्चित्ताची भाषा बोलतो. पुढे नदीत तिचा देह सापडतो. दुष्टपणा करणारी ही माणसे राक्षस नाहीत. ती प्रार्थना करणारी, कर्ज न बुडवणारी, शेजाऱ्याचे पीक कापायला मदत करणारी माणसे आहेत. आमच्या वाड्यातल्यासारखी.

शेवट मात्र मला पटला नाही, आणि तो प्रत्येक वाचनात अधिकच खटकला. दूर दक्षिणेकडील बेटावरून, जिथे बहुतेक जण मनोमन बोलणारे आहेत, एक स्त्री उडत्या यानातून येते आणि डेव्हिड, त्याची रोझलिंड व लहानगी बहीण पेट्रा यांना सोडवून नेते. सोडवताना ती वरून चिकट तंतू सोडते, आणि त्यांत पाठलाग करणारे व रानातले बहिष्कृत असे सगळेच गुदमरून मरतात. मग ती समजावून सांगते, की जुन्या जातीच्या माणसांचे दिवस संपले, नव्या श्रेष्ठ जातीला जगायचे तर हे व्हायचेच. सोफी त्या लढाईत आधीच मेलेली असते. लेखकाला ही बाई तारणहार वाटत होती, की तिच्या तोंडी त्याने वाकनुकचीच वचने नव्या फळीवर डागून टांगली होती? समीक्षक दोन्ही बाजूंनी भांडतात. मला एवढेच दिसते, की सोफीला तिथेही जागा नव्हती. सहा बोटांच्या मुलीला मनोमन बोलता येत नव्हते.

इतके सगळे मनात असलेल्या माणसाकडे गेल्या जुलैत एक प्रसंग चालून आला. आमची शाळा शासकीय, वस्ती गरिबांची. सहावीत नुकत्याच दाखल झालेल्या एका मुलाची आई कचेरीत आली, दार लोटून घेतले आणि पदराच्या गाठीतून गोळ्यांचे एक पाकीट काढून तिने टेबलावर ठेवले. महिन्याच्या गोळ्यांचे ते पाकीट मी ओळखले. आमच्या वर्गांची आरोग्यतपासणी होते तेव्हा त्याविषयी सांगितले जाते. एका खोलीत दोन बिऱ्हाडे, घरी ठेवले तर शेजारीण पाहील. पोराने रोजची गोळी शाळेत घ्यावी, एवढीच तिची विनंती. “और सर जी, रजिस्टर में मत लिखियो.”

ॲक्सेलकाका होणे वाचायला सोपे आहे. मी तिला म्हणालो, की उपचार सुरू झाला म्हणजे त्याच्यापासून कोणाला धोका नाही, हे मला ठाऊक आहे. लपवायची गरज नाही. तिने माझ्याकडे असे पाहिले, की मला माझे वाक्य मध्येच सोडावे लागले. आरोग्य खात्याचे लोक म्हणतात, उघड बोला म्हणजे भीती जाईल. ते बरोबरच आहे. पण उघड बोलण्याचा सल्ला देणाऱ्याचा हात नेहमी निरोगी असतो, आणि नळावर घागर घेऊन उभे राहायचे असते दुसऱ्याला. मी पाकीट खणात ठेवले. रजिस्टरात काही लिहिले नाही.

मधल्या सुट्टीत मुलगा येतो, गोळी घेतो, जातो. पहिल्या आठवड्यानंतर एके दिवशी मी पाहिले, की त्याच्यासाठी पाण्याचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला आहे. शिपायाला विचारले तर तो म्हणाला, “साहब, आप ही ने रखा था.” मला आठवेना. मग आठवले. आईचे फुलपात्र विस्तवात गेले त्याला चाळीस वर्षे होऊन गेली होती, मी जंतुशास्त्रावरचे वाचले होते, विंडम दोनदा वाचला होता; आणि हाताने आपले काम मला न विचारता करून टाकले होते. तो पेला मी शिपायाला देऊन टाकला. आता तो मुलगा टेबलावरच्या, माझ्याच पेल्याने पाणी पितो. त्यानंतरच्या पहिल्या दिवशी त्याच पेल्याने प्यायला मला किती वेळ लागला, ते इथे लिहीत नाही.

या औषधांपैकी एकाने कातडी काळपट पडते. उपचार संपल्यावर ती हळूहळू पूर्ववत होते. म्हणजे चट्टा फिकट होत जातो आणि चेहरा काळवंडत जातो. लपवण्यासाठी घेतलेले औषधच चारचौघांत बोलते. मुले त्याला ‘कल्लू’ म्हणून चिडवतात. तोही हसतो. चांगला खेळतो; आमच्या शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. पूर्ण बाह्यांचा गणवेश घालून खेळतो, आणि क्रीडाशिक्षकांनी एकदा त्याला बाह्या दुमडायला सांगितले तेव्हा मी खिडकीतून ओरडून त्यांना भलत्याच कामाला बोलावून घेतले. ते अजून माझ्यावर थोडे नाराज आहेत.

बारापैकी दहा पाकिटे संपली आहेत. परवा गोळी घेऊन झाल्यावर तो दाराशी घुटमळला. गोळ्या संपल्या की अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालता येईल का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, हो, का नाही?

त्याने थोडा विचार केला.

“मम्मी नहीं मानेगी,” तो म्हणाला, आणि घंटा झाली म्हणून वर्गाकडे पळाला.